पुठ्ठ्यातली पोलिश पानं

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली तेव्हा पिशवीत तळहाताएवढं एक पुस्तक होतं. दुसऱ्या महायुद्धात देश सुटलेली पोलिश माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत काही वर्षं राहिली. त्यांच्यातल्या एकाच्या या कविता. अशी पुस्तकं मी जमवते. या पुस्तकाची दुसरी प्रत माझ्या माहितीत नाही आणि या प्रतीची शेवटची चार पानं गहाळ आहेत.

ती सापडण्याची शक्यता सांगलीच्या दत्तूमामा बाइंडरांच्या फोनमुळे निर्माण झाली. छावणी उठल्यावर न बांधलेले फर्मे (छापलेले सुटे कागद) त्यांच्या वडिलांकडे रद्दीत आले. ते थरावर थर चिकटवून वडील वह्यांचे पुठ्ठे करत. तशी एक वही गेल्या महिन्यात दुरुस्तीला आली. फाटक्या कोपऱ्यातून परकी अक्षरं आणि पानाचा आकडा दिसत होता. माझ्या प्रतीत नेमका तोच आकडा नाही.

कराड, इस्लामपूर मागे पडलं. सांगलीला दत्तूमामांना घेतलं आणि कवठे महांकाळची गाडी धरली. मिरजेपुढे ऊस विरळ झाला, बाभळी आणि द्राक्षबागा सुरू झाल्या. एका खड्ड्यात मामांच्या डब्यातली खळ (मैद्याची चिकट लापशी) सीटवर सांडली.

कंडक्टर म्हणाला, "मामा, पोस्टर लावाय निघालाय व्हय?"

"तुजं तोंड चिकटवाय आलोय," मामा म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने सीट पुसली.

गावातलं घर बुद्धविहारामागे होतं. वही सुमनताईंची, मामांनी न उसवता परत पाठवलेली. त्या साठीच्या. त्यांचे वडील जलसा (गाण्यांतून जागृती करणारा फड) चालवत. वहीतली गाणी त्यांच्याच हातची.

"आदी खाऊन घ्या, मग फाडाफाडी," असं म्हणून त्यांनी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं.

मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला निळ्या शाईत चौदा नावं होती. जलशातले सगळे. आज त्यातलं कोणी हयात नाही. पाणी लागलं तर शाई फुटणार होती. म्हणून मामांनी बाहेरून सुरुवात केली. ओलं फडकं, बोथट सुरी. कापड निघालं, मग शाळेच्या उत्तरपत्रिका, नाटकाची जाहिरात. दोन तासांनी पोलिश कागद दिसला, दोन्ही बाजूंना दोन-दोन पानांचा. एका पानावर कवितेचा शेवट, शेजारचं पान कोरं.

"बापानं खळीत मोरचूद घातलंय, म्हणून किडा शिवला न्हाई," मामा म्हणाले. "पर ह्याची मागची बाजू नावांच्या कागदाला धरलीय. वढलं तर नावं जात्याल."

सुमनताईंनी नावांवरून एकदा बोट फिरवलं.

"वढा मामा," त्या म्हणाल्या. "आवं, ताई एवढ्या लांबनं आल्यात. नावं मला तोंडपाठ हायत."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि पुठ्ठा उन्हात धरला, नावं माझ्याकडे करून. कोऱ्या पानातून उजेड आरपार आला. निळ्या अक्षरांच्या मागे काळी अक्षरं उमटली, सुलटी, स्पष्ट. कविता नव्हती. वर 'वाटेत' अशा अर्थाचा पोलिश मथळा, खाली एकाखाली एक बारा ओळी, प्रत्येकीपुढे बारीक क्रूस.

"काय लिवलंय?"

"नावं. वाटेत मेलेल्या माणसांची."

सुमनताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "वाचा की मग."

मी वाचली. उच्चार जमले तसे. त्या प्रत्येक नाव पुटपुटत होत्या. माझी संपल्यावर त्यांनी आपली चौदा वाचली. कागदाकडे न बघता. मामांनी पुठ्ठ्याच्या सुटलेल्या कडा पुन्हा चिकटवायला घेतल्या. ते डब्यात खळ ढवळू लागले.

दोन दिवसांनी साताऱ्याला परतले. माझ्या सूचीत या पुस्तकापुढे 'अपूर्ण' असा शेरा होता. तो खोडला आणि लिहिलं: शेवटची चार पानं तालुका कवठे महांकाळ, सुमनताईंच्या घरी, जलशाच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात. वाचायची तर दिवसा जावं, ऊन लागतं.