बक्षिसाचा मेंढा

घोंगडी उन्हात टाकली की लोकरीच्या वासानं परभणीच्या कॉलेजातली आनंदनगरी आठवते. सेवा शिबिरासाठी पैसे जमवायचे होते. मैत्रिणींनी भेळ मांडली. मी घरचा मेंढा आणून बांधला. तिकीट काढा, वजन ओळखा, बरोबर आलं तर मेंढा तुमचा!

कळताच आई धावत आली. "येडे, मेंढा वाटायलीस का?" म्हणाली आणि लिंबाखाली बसली. पोरं, प्राध्यापक, सगळे चुकले. शेवटी आईनं तिकीट काढलं, मेंढ्याच्या पाठीवर हात दाबला. "बेचाळीस किलो." काटाही तेच बोलला.

मेंढा घेऊन परतताना मी विचारलं, "आधीच का न्हाई बोललीस?"

"शिबिराचा पैशाचा डबा भरू दिला. हितं मेंढरू कळतंय कुणाला?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आता आपली वेळ येईपर्यंत तिच्यासारखं निवांत बसायला शिकतेय.