नानीचं कुंकू आणि मामांचं ऑपरेशन

माझे सासरे कार्टूनमध्ये वारले, त्या वेळी प्रत्यक्षात ते वसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते.

ही बातमी त्यांना सगळ्यांत शेवटी कळली. आधी ती जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कळली, मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर, मग आत्याबाईंना (म्हणजे माझ्या सासूबाईंना) आणि सर्वांत शेवटी मामांना, म्हणजे ज्यांची बातमी होती त्यांना! त्यांना मारणारी मी. खरं तर लिहिणारी मी आणि चित्रं काढणारी माझी नणंद शीतल. पण सून हाताशी असताना दोषासाठी लेकीचं नाव कुणी घेत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

शीतल पुण्याला अ‍ॅनिमेशनचं काम करते. एका दिवाळीला ती घरी आली होती, तेव्हा तिनं लॅपटॉपवर सहज सगळ्या घराची चित्रं काढली, मी त्यांच्या तोंडी चार वाक्यं घातली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की त्याची मालिकाच सुरू केली. नाव ठेवलं ‘बारदाना’. माणसं, गुरं, भांडीकुंडी मिळून घराचा जो पसारा होतो, तो बारदाना. त्यात नाना, नानी, त्यांची एक घाबरट सून आणि एक म्हैस. नानाला मामांचे कान, मामांची टोपी आणि मामांचं खाकरणं दिलं होतं, पण नाव बदललं असल्यामुळे कुणी ओळखणार नाही अशी आमची खात्री होती. पहिल्या एपिसोडच्या दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं मामांना ‘या नाना’ म्हणून हाक मारली.

मला सिनेमाचं आणि मालिकांचं भारी वेड. ते सगळं मी ‘बारदाना’त ओतलं. नाना वावरातून घरी आले की दाक्षिणात्य सिनेमातल्या नायकासारखे संथ चालत, मागं धूळ उडे, आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला की अंगणातल्या कोंबड्या हवेत भिरकावल्या जात. नानीला राग आला की सासवा-सुनांच्या मालिकेतल्यासारखा तिचा चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवायचा, ढगांच्या गडगडाटासह. मामांना ते इतकं आवडलं की ते खरोखरच पंचा झटकायला लागले. त्या नादात बसस्टँडवरच्या हॉटेलात एका माणसाचा चहा उडाला. (त्या माणसानंही हात जोडून ‘नाना, पुन्हा एकदा’ म्हटलं, हे आणखी वाईट झालं.)

पण आमच्या प्रेक्षकांची खरी आवड वेगळीच निघाली. बाकीचे लोक कार्टून बघून हसत असतील, आमच्याकडचे लोक कार्टून तपासतात! म्हशीचं डावं शिंग मागच्या एपिसोडात वाकडं होतं, ते सरळ कसं झालं? अंगणातला लिंब उजवीकडून डावीकडं कधी गेला? एकदा एका दृश्यात सोयाबीनची काढणी चालली होती आणि नानी पलीकडच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हरभऱ्याचे भरलेले घाटे तोडून आली; हरभरा पेरतात तोच मुळी सोयाबीन निघाल्यावर. खाली कुणीतरी विचारलं होतं, ‘नानाचं वावर कोन्या तालुक्यात हाय? आमी बी तिकडंच ऱ्हायला येतो.’ शीतल या चुकांना हसायची. मी मात्र प्रत्येक एपिसोडच्या दिवशी फोन पालथा घालून ठेवायची आणि तो थरथरला की दचकायची.

अशात मामांचं ऑपरेशन ठरलं. उजव्या बाजूचा हर्निया त्यांनी कित्येक वर्षं पट्टा आवळून सांभाळला होता. डॉक्टरांचं नाव काढलं की आधी पेरणी आडवी यायची, मग कुणाचं तरी लग्न, मग म्हैस व्यायला झालेली. अखेर नांदेडच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की आता टाळाल आणि आतडं तिथं अडकलं तर जिवावर बेतेल. तारीखही दिली. मामा सगळ्यांना सांगत फिरले की आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, आणि रोज थोडं कमी जेवायला लागले.

त्यांची भीती घालवावी म्हणून मी त्यावरच एपिसोड लिहिला. नाना ऑपरेशनला निघालेत, नानी औक्षण करतेय, आणि तेवढ्यात मालिकेत होतं तसं सगळं होतं: निरांजन फडफडतं, ताट थरथरतं, ढग गडगडतात, नानीचा चेहरा तीनदा येतो. मग कळतं की ताट थरथरलं ते म्हशीनं नानीला ढुशी दिल्यामुळे. मला तो विनोद फार वरच्या दर्जाचा वाटला होता.

नानीचा चेहरा पहिल्यांदा आला, कपाळावर कुंकू. दुसऱ्यांदा आला, कुंकू. तिसऱ्यांदा आला, कपाळ कोरं! कार्टूनमध्ये म्हणे कुंकू चेहऱ्यावर नसतंच, वेगळ्या काचेवर काढून ती काच चेहऱ्यावर ठेवल्यासारखं असतं, आणि भुवया वर करण्याच्या गडबडीत तेवढी एक काच शीतलकडून ठेवायची राहिली. नेमकं त्याच क्षणी नाना दारातून वळून, भरल्या आवाजात ‘येतो’ म्हणाले. म्हैस येईपर्यंत पाहायला कोण थांबतंय?

बाजारच्या दिवशीच हा एपिसोड आला. दुपारपर्यंत नानीच्या कोऱ्या कपाळाचा फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर होता. खाली एकीनं विचारलं, ‘नानीचं कुंकू कुठं गेलं?’ दुसरीनं नुसते हात जोडले. तिसरीनं लिहिलं, ‘कधी झालं?’ आणि संध्याकाळी नरसीहून मामांच्या मावसभावाचा फोन आला. तो मामांनीच उचलला. पलीकडून दबक्या आवाजात विचारणा झाली, माती किती वाजता आहे? अंत्यविधीला आमच्याकडं माती म्हणतात. मामांनी विचारलं, “कोनाची?” पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी मामांना सगळा एपिसोड दाखवला. त्यांनी तो गंभीरपणे पाहिला, शेंगांची टरफलं झाडली, आणि महिनाभरात प्रथमच मला त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद दिसला.

“हे लक्षन बराबर न्हाई, सूनबाई,” ते म्हणाले. “नांदेडला फोन लाव. म्हनावं, येत न्हाई.”

“मामा, अहो, ते चित्र आहे. एक काच ठेवायची राहिली.”

“काच राह्यली का मानूस राह्यला, हे कोनी सांगावं?”

मामा बहाणा करत होते हे मला कळत होतं. आत्याबाईंचं तसं नव्हतं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त आरशासमोर उभं राहून बंद्या रुपयाएवढं कुंकू लावलं आणि मामा दुपारी झोपले की त्यांच्या उशाशी बसून छाती वरखाली होते का ते पाहायला लागल्या. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाल्या, “पोरी, मला बी समजतंय, चित्र हाय. पन एकदा पाह्यलेलं डोळ्यातून जाऊन न्हाई राह्यलं. काय करू?” त्या बाईनं मला आल्यापासून लेकीसारखं वागवलं होतं आणि मी त्यांच्या जिवाला हा घोर लावला होता. मला अगदी रडू आलं.

मी शीतलला फोन करून सांगितलं, काहीही कर, पण आजच्या आज कुंकू लाव. ती कामाच्या गडबडीत होती. एकेक दृश्य तपासायला वेळ नव्हता, म्हणून तिनं कुंकवाची काच सरसकट सगळ्या एपिसोडवर चढवली. नानीला कुंकू लागलं, ते बरोबरच होतं. पण नानालाही लागलं. म्हशीला लागलं. ऑपरेशनला तयार असलेल्या डॉक्टरला लागलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाला बाराच्या खाली लागलं!

मामांनी तो नवा एपिसोड तीनदा लावून पाहिला. मग पंचा खांद्यावर टाकून, पण न झटकता, मला समोर बोलावलं. “कंदुरीला कापायच्या बोकडाला लावतेत तसं लावलं की मला,” ते म्हणाले. “आधी कुंकू, मंग अंगावर पानी, आन बोकडानं अंग झाडलं का देवानं कबूल केलं म्हनतेत. मी न्हाई अंग झाडत.” त्यानंतर घरात कुणी पाण्याचा तांब्या घेऊन जवळून गेलं तरी ते ताठ बसून राहायचे.

ऑपरेशनची तारीख जवळ येत चालली. माझे यजमान समजावून थकले, डॉक्टरांनी फोनवर समजावलं, मामा ढिम्म. मग एका सकाळी म्हशीपुढं पाण्याची बादली ठेवताना ते वाकले आणि तसेच खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. थोड्या वेळानं कळ ओसरली. हा माणूस माझ्या एका विनोदापायी जातो की काय, एवढंच माझ्या मनात येत होतं. आत्याबाईंनी त्यांना धरून आत आणलं, पाणी पाजलं, आणि बाहेर येऊन मला हुकूम सोडला.

“ऑपरेशन होऊन ते घरी आलेले दाखव. माझ्या डोळ्यानं पाहते, मंग आजच नेऊ म्हना का उद्या.”

शीतल रजा टाकून आली. ती काढत होती, मी शेजारी बसून लिहीत होते आणि आमच्या मागं खुर्ची टाकून आत्याबाई तपासत होत्या. नानीचं कुंकू आहे का, मंगळसूत्र आहे का, दोन्ही हातांत बांगड्या आहेत का. प्रत्येक चित्रापाशी “थांब गं” म्हणायच्या, चष्मा सारखा करायच्या आणि मगच पुढं जाऊ द्यायच्या. मी सवयीनं एक ढगांचा गडगडाट घातला होता, तो त्यांनी काढायला लावला. कुणाची नक्कल नको, कुणी हळूहळू चालायचं नाही, साधं दवाखान्यातून घरी येऊ दे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या एपिसोडात नाना टाक्यांवर हात धरून जीपमधून उतरतात, घरात येतात, औंढ्याच्या नागनाथाचा अंगारा लावून घेतात आणि भाकरी खातात. बस! विनोद औषधालाही नाही. आत्याबाईंनी तो दोनदा पाहिला, पदरानं डोळे पुसले आणि मामांची पिशवी भरायला घेतली. मामांनीही पाहिला. नानांनी दोन भाकरी खाल्ल्या हे पाहून ते काहीसे विरघळले आणि दुसऱ्या दिवशी मुकाट गाडीत बसले.

पूर्ण भूल देऊन मामांना आत नेलं. बाहेर बाकावर आम्ही तिघी. माझे यजमान औषधं आणायला गेलेले. दाराकडं बघून बघून आत्याबाईंच्या जिवाची नुसती घालमेल चाललेली, म्हणून शीतलनं त्यांना धीर यावा यासाठी मोबाइलवर तोच एपिसोड लावून दिला. आत्याबाई बघता बघता थांबल्या. मागं घ्यायला लावलं. पुन्हा पाहिलं.

“शीतल,” त्या म्हणाल्या, “जीपमधून उतरताना नानाचा हात उजव्या बाजूला हाय. दारात आल्यावर डाव्या बाजूला काहून?”

शीतलनं मोबाइल हातात घेतला आणि तिचं तोंड उतरलं. म्हैस दारात मावेना म्हणून तिनं ते एक चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं होतं. कपाळ आणि बांगड्या तपासण्याच्या नादात नानाच्या हाताकडं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

“डाक्टरनं कोनती बाजू धरली आसंल गं?” आत्याबाईंनी विचारलं.

खरं सांगते, त्या क्षणी मी सुशिक्षित बाई राहिले नाही. मी धावत नर्सकडं गेले आणि विचारलं की आत आहेत त्या पेशंटचं ऑपरेशन नक्की कोणत्या बाजूचं चाललंय. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उजव्या बाजूचं असल्याचं सांगितलं. मला शंका कशामुळे आली असंही तिनं विचारलं, पण कार्टूनमुळे, असं सांगायची हिंमत झाली नाही.

परत येते तो आत्याबाई बाकावर मान टाकून बसलेल्या, घामानं चिंब, डोळे मिटलेले. मी घाबरून रुमाल ओला करून आणला. बाजू बरोबर आहे, डॉक्टर उजवीकडंच आहेत, असं पुन्हा पुन्हा सांगत त्यांचं तोंड पुसलं, मान पुसली, कपाळ पुसलं. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरून कधी असा हात फिरवला नव्हता. त्यांनी डोळे न उघडता माझं मनगट धरून ठेवलं. तेवढ्यात आतून निरोप आला की ऑपरेशन चांगलं झालं, पेशंट शुद्धीवर येतोय, भेटून घ्या.

आत्याबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. कॉटच्या दांड्याला धरून मामांच्या तोंडावर वाकल्या आणि त्यांना हाक मारली. मामांनी मोठ्या कष्टानं डोळे उघडले. आत्याबाईंच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग कपाळाकडं पाहिलं आणि तिथंच बघत राहिले. मग जिभेनं ओठ ओले केले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मंग गेलोच म्हन की मी.”

आत्याबाईंचा हात कपाळाकडं गेला. शीतलनं माझ्या हातातल्या लालभडक रुमालाकडं पाहिलं. कार्टूनमधलं कुंकू निदान लावायचं राहून गेलं होतं. खरं मात्र मी ओल्या रुमालानं, सावकाश, एक कणही न ठेवता पुसून काढलं होतं.