दोन-दोन सूत

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. बरं, हसा! पण आधी चहा घ्या, आणि आत येताना जे दार ओलांडलंत ना, ते एकदा नीट पाहून घ्या. अस्सल सागवान! चिखलीत असं दुसरं दार दाखवा, मी मिशी उतरवतो.

आता मी पडलो मराठीचा मास्तर. पंचवीस वर्षं पोरांना शब्दांचे अर्थ सांगतोय. घर बांधताना रंधा, पटाशी, बिजागरी, गुण्या असे सुतारांचे शब्द चक्क वहीत उतरवून घेतले होते. त्या वहीचा काय तोरा होता म्हणता!

म्हणून खामगावचे देवराव मिस्तरी दाराचं माप घ्यायला येतो म्हणाले, तेव्हा मी छाती फुगवली. "तुम्ही कशाला येता? चौकटीचं माप मीच कळवतो."

"कळवा. पण सर, तिन्ही बाजूनं दोन-दोन सूत सोडजा. इसरू नोका!"

सूत? हा शब्द वहीत नव्हता. पण मला वही कशाला लागते? सूत म्हणजे धागा! चौकटीची पूजा आपण करतोच, त्यातलाच हा विधी. मी पांढरं सूत आणलं, हळदीत बुडवलं आणि चौकटीच्या तिन्ही बाजूंना दोन-दोन धागे सोडले.

बायको म्हणाली, "अन् खाली काऊन नाई सोडले?"

"अगं, उंबरठ्यावर पाय पडतात. शास्त्र आहे ते!"

हे शास्त्र मी त्याच क्षणी जन्माला घातलं होतं. पण समोरच्या कुसुमताईंनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याही नव्या चौकटीला धागे लोंबू लागले. मग मला काय, आभाळ ठेंगणं!

माप मात्र चोख पाठवलं. केसाचा फरक नाही.

वास्तुशांतीच्या सकाळी मिस्तरी दार घेऊन आले. अकराचा मुहूर्त, गुरुजी आसनावर, सगळं सासर अंगणात. आणि दार चौकटीत शिरेचना! मिस्तरींनी ढकललं, मी ढकललं, शेवटी मेहुण्यानं खांदा लावला. छे!

"सर, सूत नाई सोडले काय?"

"सोडले ना! हे काय!" मी ऐटीत धागे दाखवले.

मिस्तरी धाग्यांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग मटकन ओट्यावर बसले.

"अवो सर, सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा! दार मोकळं फिराले मापात तेवढी जागा सोडा लागते. तुम्ही त चौकटीले राखी बांधली!"

सासऱ्यांना हसता हसता ठसका लागला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पण मिस्तरी हसले नाहीत. त्यांनी रंधा काढला. घामाघूम होऊन तिन्ही कडा तासल्या, आणि मुहूर्ताला पाच मिनिटं असताना दार असं बसलं, की करंगळीनं ढकला, आवाज नाही! त्या माणसाच्या हातांचा मला आजही अभिमान वाटतो.

आता आमच्या गल्लीत नवी चौकट बसली, की लोक अजूनही हळदीचं सूत सोडतात आणि त्यासाठी मानानं मलाच बोलावतात. मी जातोही.

फक्त एक झालंय. मी कुणाला एखाद्या शब्दाचा अर्थ सांगायला तोंड उघडलं, की स्वयंपाकघरातून हाक येते,

"अहो, दोन सूत सोडून बोलजा!"