बिनपत्त्याची बाटली

माझ्या वडिलांनी माझी पीएच.डी. पिऊन टाकली. उजव्या तळहातावर घेऊन, डोळे मिटून, तीर्थ घ्यावं तशी. वर ओला हात रीतीप्रमाणे डोक्यावरून फिरवला. त्या पाण्यात लोखंडाचे कण होते, त्यामुळे पुढचे दोन दिवस त्यांचं टक्कल चहाच्या किटलीच्या बुडासारखं दिसत होतं. पण आधीचं सांगते, नाहीतर म्हणाल बाई खुळी आहे.

आम्ही देवासचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या पोस्टात सॉर्टर होते. पत्ते वाचायचे आणि पत्रं आपापल्या खणात टाकायची, जन्मभर हेच काम. मी शिकायला पुण्याला गेले आणि दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, जो तो नॅनो-नॅनो करत असताना, एका प्रयोगशाळेत चिकटले. काम असं, की लोखंडाच्या गंजाचे अतिसूक्ष्म कण बनवायचे, त्यांना एक प्रथिन जोडायचं आणि सुईनं रक्तात सोडायचे. ते प्रथिन धमनीतली आजारी, सुजलेली जागा ओळखतं. कण तिथे जाऊन बसले की चुंबकाच्या मोठ्या मशीनमध्ये तेवढी जागा काळी दिसते. धमनीत नळी घालायला नको.

सुट्टीत घरी आल्यावर हे मी अण्णांना मोठ्या हौसेनं समजावलं. त्यांनी एका मिनिटात निकाल लावला.

"म्हणजे प्रथिन हा पिनकोड. आणि पत्ताच नसलेला कण?"

"तो यकृतात जाऊन पडतो."

"डेड लेटर ऑफिस," अण्णा म्हणाले.

मला ते इतकं आवडलं की पुण्याला परतल्यावर मी बाटल्यांवर तसंच लिहायला लागले. प्रथिन जोडलेल्या कणांच्या बाटलीवर 'पत्त्याचे', नुसत्या कणांच्या बाटलीवर 'बिनपत्त्याचे'. आमचे गाईड चिडायचे, पण मीही काही कमी हट्टी नाही. माझं चुकलं ते एवढंच, की त्या दिवशी अण्णांना मी "झालंच आता काम" असं म्हणून बसले.

वर्षभरात माताजीच्या टेकडीच्या पायऱ्या चढताना अण्णांच्या छातीत कळ यायला लागली. डॉक्टर म्हणाले, इंदूरला जाऊन अँजिओग्राफी करून घ्या, उशीर करू नका. अण्णा म्हणाले, "बिलकुल नाही. नळी-बिळी घालून घेणार नाही मी. पोरीचे कण तयार होताहेत, फोटो काढीन तर त्यांनीच." एवढ्यावर थांबते तर ते अण्णा कसले! त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगितलं. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं. शेजारचे मालवी भियाजी रोज सकाळी पोह्याच्या गाडीवरून ओरडायचे, "क्यों अण्णासाब, कण आ गए?" आणि अण्णा पार्सलची चौकशी असल्यासारखे गंभीरपणे सांगायचे, "रास्ते में हैं."

कसले रस्त्यात! पुण्यात आम्ही सशांना लोणी चारचारून त्यांच्या धमन्या बिघडवत होतो. (आई म्हणाली होती, "रोग व्हावा म्हणून खाऊ घालता? कुठे फेडाल हे पाप?") पण माझे पत्त्याचे कणसुद्धा सरळ यकृतात जाऊन पडायचे. एका सशाच्या धमनीत एक काळा ठिपका दिसेल तर शपथ. फोनवर मी अण्णांना "चाललंय, चाललंय" म्हणायची. खरं सांगायची लाज वाटायची. आणि तिकडे ती कळ टेकडी उतरून घरात आली होती. आंघोळीची बादली उचलली तरी अण्णांना मोरीच्या उंबऱ्यावर बसावं लागे. आई फोनवर रडायची, "तुझ्या त्या कणांपायी माणूस जाईल गं माझा." मी फोन ठेवून स्वतःला शिव्या घालायची.

त्या नवरात्रात मंडळानं माझं व्याख्यान ठेवलं. चुंबक लावला की पाणी कसं ओढलं जातं ते दाखवायला मी एक छोटी बाटली बरोबर आणली, बिनपत्त्याची. खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येकानं आपलं पोटापाण्याचं हत्यार पाटावर मांडायचं. विळी, कात्री, आईच्या शिवणयंत्राची बॉबिन, अण्णांचं पत्रं फोडायचं पितळी पातं, सगळं मांडून झालं.

"तुझं हत्यार कुठाय?" आईनं विचारलं.

"फ्रिजमध्ये, लोणच्याच्या मागे," मी गमतीनं म्हणाले आणि आंघोळीला गेले.

आंघोळ करून आले तर बाटलीला हळदकुंकू लागलेलं, डोक्यावर झेंडू, आणि अण्णा बूच काढताहेत.

"अहो अण्णा! काय करताय?"

"देवापुढचं पाणी आहे. तीर्थ." एवढं म्हणून त्यांनी तळहातावरचं पिऊनसुद्धा टाकलं.

"थुंका! आधी थुंका!"

"तीर्थ थुंकतात का कुठे?" असं म्हणून त्यांनी हात डोक्यावरून फिरवला.

मी भराभर मनात हिशेब केला. नुसता गंज, तोही चिमूटभर, शक्तीच्या टॉनिकात याहून जास्त लोह असतं. प्यायलेले कण यकृतातसुद्धा जाणार नाहीत, पोटातून येतील तसे बाहेर पडतील. जिवाला धोका नाही. मी श्वास सोडते तोच अण्णा बूट घालून दारात उभे.

"चल. कण आत गेलेत. आता इंदूरला फोटो."

दोन वर्षं ज्या माणसाच्या आम्ही पाया पडलो तो आपल्या पायांनी निघाला होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत "आता शहाणपणा शिकवलास तर बघ" असं स्पष्ट लिहिलं होतं. मी बाटली पाठीमागे धरून तिच्यावरची चिठ्ठी नखानं खरवडली. नशीब, अण्णांचा चष्मा खिशात होता.

"हो अण्णा," मी म्हणाले, "लगेच निघायला हवं. नाहीतर कण विरतात."

भियाजींनी आपली व्हॅन काढली. "कण आ गए?" "आ गए. पी भी लिए." भियाजींनी अण्णांच्या पोटाला नमस्कार केला आणि इंदूरपर्यंत गाडी बैलगाडीसारखी हाकली, कण हलू नयेत म्हणून. मी मागे बसून दातओठ खात होते.

हॉस्पिटलात अण्णांनी डॉक्टरांना सांगितलं, "दवा मैंने ले ली है, आप सिर्फ देखिए." डॉक्टरांनी त्यांचं तपकिरी टक्कल पाहिलं, मग मला पाहिलं. मी अण्णांच्या मागे उभी राहून हात जोडले. "बहुत अच्छा किया आपने," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साधी नेहमीची नळी घातली. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. डावीकडची मुख्य धमनी दोऱ्याएवढी उरली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दिवाळी काही दिसली नसती. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "बरोबर पत्त्यावर गेले ना?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले.

माझं राहिलेलं व्याख्यान पुढे अण्णांनीच दिलं, सदऱ्याची बटणं सोडून, छातीवरचे टाके दाखवत. मग काय, कॉलनी तीर्थ मागायला आमच्या दारात! मी चिडून दार लावून घ्यायची. अण्णा मात्र प्रत्येकाला सांगायचे, आधी इंदूरला जाऊन नळीनं तपासून या, मग तीर्थाचं बघू. भियाजी खरंच जाऊन आले. काही निघालं नाही म्हणून हिरमुसले होते. मला पदवी मिळाली ती कण धमनीत का पोहोचत नाहीत या विषयावर. अण्णांना प्रबंधाचं नाव सांगताना मी 'का' गाळला आणि 'पोहोचत नाहीत'चं 'पोहोचतात' केलं.

पाचेक वर्षांनी आम्ही दोघं टेकडी चढत होतो. अर्ध्यात मीच दम खायला बसले. अण्णा शेजारी बसले आणि मला एकदम राहवेना.

"अण्णा, त्या बाटलीतले कण बिनपत्त्याचे होते."

"वाचलं होतं."

"चष्मा तर खिशात होता तुमच्या!"

"प्यायच्या आधी डोळ्यांवर होता. जन्मभर पत्ते वाचले, पोरीचं अक्षर वाचणार नाही?"

"मग प्यायलात कशाला?"

"नळीची भीती वाटत होती गं. फार. आणि गावभर सांगून बसलो होतो, माघार कोणत्या तोंडानं घेणार? बाटली पाटावर दिसली, वाटलं, हीच सोय आहे. पण मला वाटलं होतं तू म्हणशील, अण्णा, ही ती नव्हे, खरी पुण्यात आहे. तू 'लगेच निघू' म्हणालीस. तेव्हा कळलं, पोरीचं काम काही झालेलं नाही, आणि ते ती बापाला सांगू शकत नाही."

मला पुढचं दिसेनासं झालं. दोन वर्षं मी लाजेपायी गप्प राहिले होते, आणि तेवढ्यात हा माणूस गेला असता.

"सांग आता पहिल्यापासून," अण्णा म्हणाले, "ससे किती होते?"