सभेत हो, शेतात नाही

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की पुढचा प्रश्न आम्हाला पाठ असायचा. "पद्धतीचं मंग पाहू. तुले माहीत काय करून घ्याचं आहे, ते सांग." चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्रात संशोधन करू पाहणारा प्रत्येक जण इथे अडखळायचा. प्रश्नावली सोपी पडते, असं मी एकदा म्हणाले. "कोनाले सोपी? तुले, का सांगनाऱ्याले?"

मॅडम घुग्घुसच्या. वडील कोळसा खाणीत, आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील, आवाज न चढवता घाम फोडणारे.

गडचांदूरकडे चुनखडीची एक खाण वाढणार होती आणि त्यासाठी एक गाव हलवायचं घाटत होतं. लोक तयार आहेत का, हे शोधायचं काम मॅडमकडे आलं. मी त्यांच्या हाताखाली होते. काम देणाऱ्या संस्थेला गटचर्चा हवी होती, म्हणून गावच्या समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. पुरुष एकामागून एक 'आमी तयार आहो' म्हणाले. बाया मागे भिंतीला टेकून गप्प. मॅडमनी त्यांना विचारलं, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने उत्तर दिलं, "त्याइचं बी तेच आहे."

परतताना मॅडम म्हणाल्या, "पुढं सासरा, बाजूले खाणीच्या ठेकेदाराची मानसं. तिथी बाई काय बोलन? उद्यापासून घरोघरी जाऊ. रेकॉर्डिंग नाई, नावं नाई."

दुसऱ्या दिवशी काही घरं झाली. गावाबाहेर पडतो तोच मोटरसायकली आडव्या लावून सभेत दिसलेल्याच काही जणांनी आमची गाडी अडवली. एकाने खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली.

"सभेत सगळे हो म्हनले ना? मंग घरोघरी काऊन फिरून राह्यल्या?"

"कामच ते आहे, भाऊ."

"कोन नाई म्हनलं, तेवढं सांगा. मोबाईल द्या इकडं."

"टेप केलंच नाई."

"मंग डोक्यात असन."

"डोक्यात आहे," मॅडम म्हणाल्या. "ते कसं देऊ?"

एरवी मी हसले असते. तो किल्लीने दारावर टकटक करत राहिला. मागे सिमेंटचे ट्रक येऊन थांबू लागले, हॉर्न सुरू झाले, ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देऊ लागले. शेवटी त्याने किल्ली आत फेकली.

मला वाटलं, आता मॅडम पुन्हा गावात शिरतील. त्यांनी गाडी चंद्रपूरकडे घ्यायला लावली. वाटेत म्हणाल्या, "आपन घरी जाऊ. ज्या बायांसंग बोललो, त्या तिथीच राहतेत." मुलाखती बंद झाल्या. काम अर्धवट पडलं, संस्थेचे फोन येत राहिले.

मग कापसाच्या हंगामात, आम्ही ज्या घरांत गेलो होतो, त्यांतल्या एका विधवा बाईचा फोन आला. "मॅडम, वेचाले या. मजूर कमी आहे."

आम्ही गेलो. मॅडम कमरेला कापड बांधून कपाशीच्या ओळीत, तासात शिरल्या. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आम्ही सगळ्या मजूरच. मॅडमनी काही विचारलं नाही. बोंडं वेचता वेचता बायाच बोलू लागल्या. विधवा म्हणाली, "जमीन दिराच्या नावानं. पैसा त्याले भेटन. मी कुठी जाऊ?" दुसरी म्हणाली, "सभेत बोलली असती, तर घरी मार खाल्ला असता."

ती ओळ वेचून संपल्यावर मॅडमनी विचारलं, "हे लिहू का?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "लिहा. नावं नोका लिहू."

सभेतला होकार बायांचा धरू नये, असं मॅडमनी अहवालात लिहिलं. संस्थेने पुढचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. पण सरकारी सुनावणीत अहवाल वाचला गेला, बायांची वेगळी बैठक घ्यावी लागली. गाव अजून जागेवर आहे.

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. घुग्घुसच्या घरासमोर अंत्ययात्रेआधी बुद्धवंदना झाली, तेव्हा गर्दीच्या कडेला मला ती विधवा दिसली. आमच्या विभागातल्या एका सरांनी तिला विचारलं, "ताई, कुठल्या गावच्या तुम्ही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कापूस वेचत होतो संगं," एवढंच ती म्हणाली.

सर माझ्याकडे वळले. "तू ओळखतेस?"

मी नाही म्हटलं. सर पुढे गेले, आणि ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.