फिनेलने धुतलेली बरणी

लोहा गावी वडील तेलगिरणीच्या नाल्या उपसत. हातांची कातडी कायम सोललेली. घरी आले की फिनेलच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवत नसत. चार भावंडांत कॉलेज पाहिलं ते मी एकट्याने. नांदेडला एम.एस्सी.ला विषयही तोच आला: गिरणीच्या गाळातून तेल खाणारे जीवाणू वेगळे काढायचे. परवानगी लातूरच्या गिरणीची मिळाली.

पहिल्या खेपेचा गाळ वाया गेला. जाताना लोह्याला मुक्काम केला, तर वडिलांनी माझी उकळून निर्जंतुक केलेली बरणी मायेने फिनेलने धुऊन ठेवली. फिनेलने गाळातले जीवाणू मेले; प्रयोगशाळेतल्या बश्यांत काहीच उगवलं नाही. सर म्हणाले, "महिनाअखेर दाखवा, नाहीतर वर्ष गेलं." म्हणजे वडिलांचं आणखी एक वर्ष नालीत.

दुसऱ्या खेपेला लोह्याच्या स्टँडवर वडील फावडं घेऊन उभे. "म्या बी येतो."

कंडक्टर हसला. "काका, रोजगार हमीवर का?"

"न्हाई. पोराच्या कॉलेजात."

अहमदपूरच्या पुढे शिवारात हिरवं काही दिसेना. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. नव्या पाटीखाली टँकरसाठी घागरींची रांग. हॉटेलात भाकरी-ठेचा मिळाला, पाणी मात्र एकच गिलास.

गिरणीवरचा राखणदार म्हणाला, "पाण्यापायी बंद हाय. खड्डा बी वाळला. ढेपळं (ढेकळं) नेता का?"

मी तिथंच मटकन बसलो. वाळल्या गाळात काय जगलं असेल?

वडील खड्ड्यात उतरले. "उठ. वरचं मेलंय. नळाच्या तोंडाखाली ओल ऱ्हाती. तिथंच हात लई सोलतो." कमरेइतकं खणल्यावर काळा, तेलकट गाळ लागला. बरणीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. "तूच भर. म्या न्हाई शिवत."

"बाहेरून धरा, बाबा."

त्यांनी धरली. दोन्ही हातांनी.

परतीला वासामुळे आम्हाला मागच्या सीटवर बसवलं. वडील झोपले. ओल्या फडक्यातली बरणी माझ्या मांडीवर. लोहा आलं तरी त्यांना उठवायचं जिवावर आलं.

आठवड्याने तेल घातलेल्या पांढुरक्या बशीत एका ठिपक्याभोवती स्वच्छ कडं दिसलं. तेवढ्या जागेतलं तेल संपलं होतं. सरांनी सही केली. मी लोह्याला वडिलांना सांगायला गेलो.

"खरंच खातंय?"

"हाव (होय)."

"मग आमच्या नालीत सोड की."

ते अजून जमलेलं नाही. पण तेल खाणारा जीवाणू मी वेगळा काढला, एम.एस्सी. झालो, नोकरीला लागलो. वडील पुन्हा नालीत उतरले नाहीत.