पावणेचार इंचांवरचं सासर

मास्तरांनी शिवणकामाच्या उभ्या आयुष्यात एकदाही चुकीचं माप घेतलं नव्हतं. सदरा घट्ट झाला तर गिऱ्हाईक सुटलेलं असायचं, सैल झाला तर आजारी पडलेलं. एकदा एकच बाही आखूड झाली, तेव्हा त्यांनी त्या माणसाला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. चूक कबूल करण्यापेक्षा मास्तरांनी टेप गिळली असती.

लेकीला परदेशातलं स्थळ आलं तेव्हा मास्तरीणबाई अडून बसल्या. "एवढ्या लांब पोरीला देणार नाही मी."

मास्तरांनी शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातून पृथ्वीचा गोल मागून आणला आणि या शहरापासून त्या शहरापर्यंत टेप लावली.

"पावणेचार इंच! अगं, खिशाचं तोंड याहून मोठं शिवतो मी. चार हजार किलोमीटर, विमानाने पाच तास. मनात आलं की निघायचं."

बाईंचा बिचाऱ्यांचा विश्वास बसला. लग्न झालं. मनात रोज यायचं, निघणं मात्र चार वर्षांनी झालं. तोवर बाईंचा एकच ध्यास होता, की माप चुकलं असं या माणसाने एकदा आपल्या तोंडाने म्हणावं.

थेट विमान आठवड्यातून एकदाच, आणि तेही भरलेलं. मग टॅक्सीत दोन तास, विमानतळावर तीन, पहिल्या विमानात तीन, भलत्याच शहरात बाकड्यावर पाच, दुसऱ्या विमानात पुन्हा तीन. बाई बोटं मोडत मोजत होत्या.

"बसून राहणं प्रवासात धरत नाहीत," मास्तर म्हणाले.

समोरच्या पडद्यावर विमानाची वाट वाकडी दिसत होती. "आता हे वळसा घालून का नेतायत?" बाईंनी विचारलं.

"पृथ्वीच्या गोल पोटावरून टेप नेली की अशीच वाकते."

पासपोर्टच्या रांगेत दीड तास गेला, जावयाच्या गाडीत दीड. तिथलं घड्याळ अडीच तास पुढे होतं, तेही बाईंनी मास्तरांच्याच माथी मारले.

"साडेएकवीस तास झाले. बोला आता!"

मास्तर लगबगीने सामान उतरवायला लागले.

लेकीने दार उघडलं. चहाही व्हायच्या आत मास्तरांनी तिच्यासाठी शिवून आणलेला ड्रेस काढला. जुनं माप त्यांना तोंडपाठ होतं. लेक घालून बाहेर आली आणि ड्रेस तिच्या खांद्यावरून घसरला. कमरेत तर चांगली मूठभर जागा राहिली होती. फोनवर रोज दिसणारी पोर इतकी वाळली होती आणि बापाला पत्ता नव्हता.

"माप चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "फार लांब आहेस गं तू."

हे ऐकायला बाई चार वर्षं टपून बसल्या होत्या. पण त्यांनी ते ऐकलंच नाही. लेकीला कवटाळून त्या हमसून हमसून रडत होत्या. मास्तरांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.